घरची एस्प्रेसो वारंवार का बिघडते: बिघाडाच्या तारखांवरून कारण शोधणे

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैमध्ये कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या घरचे एस्प्रेसो मशीन बिघडले आहे, असे मी धरूनच चाललो होतो. जूनअखेरपर्यंत 18 ग्रॅम पुडीतून 36 ग्रॅम कॉफी 28 सेकंदांच्या आसपास उतरत असे आणि तिची धार गुऱ्हाळावरच्या काकवीसारखी संथ, सलग असे. जुलैच्या मध्याला तीच कॉफी 17 सेकंदांत भसाभसा खाली येऊ लागली, वरचा क्रेमाचा, म्हणजे तांबूस फेसाचा, थर पातळ आणि फिकट पडू लागला आणि चव आंबट, पाणचट झाली. मशीन दुरुस्तीला दिले. चार दिवसांनी ते परत मिळाले, तेव्हा पंपाचा दाब पाहिला, गॅस्केट बदलले आणि आतून स्वच्छ केले, असे मला सांगण्यात आले. घरी आणल्यावर कॉफी खरोखरच सुधारली, त्यामुळे शंका घेण्याचे कारण राहिले नाही. बारा-तेरा दिवसांनी पुन्हा तोच प्रकार झाला. पुन्हा दुरुस्ती, पुन्हा सुधारणा आणि पुन्हा बिघाड.

तिसऱ्यांदा मशीन गाडीत ठेवण्याआधी मी वही उघडून बसलो. रोजच्या कॉफीचे वजन आणि वेळ लिहून ठेवण्याची सवय मला आधीपासून होती. परंतु आकडे लिहिणे वेगळे आणि ते सलग वाचणे वेगळे. वहीत एक नोंद अशी होती: "15 जुलै. 18.0 ग्रॅम, 36 ग्रॅम, 17 सेकंद. आंबट." तिच्या वर चौदा दिवस मागे गेलो, तेव्हा "1 जुलै, नवी पिशवी" असे शब्द दिसले. पुढच्या दोन्ही बिघाडांच्या मागे जवळजवळ तेवढ्याच अंतरावर तेच शब्द होते. मशीन दुरुस्तीला गेले की उरलेल्या बिया धाकटा भाऊ त्याच्या फ्रेंच प्रेससाठी घेऊन जाई आणि मशीन परत आले की मी एक किलोची नवी पिशवी फोडत असे. सुधारणा दुरुस्तीमुळे झाली नव्हती, ती ताज्या बियांमुळे झाली होती. मशीन पहिल्या दिवसापासून ठणठणीत होते.

या अनुभवावरून मला एक पद्धत मिळाली आणि ती इतरांच्याही उपयोगाची आहे, अशी माझी खात्री आहे. कॉफी बिघडली की आपण चवीवरून कारण शोधू लागतो; परंतु आंबट चवीची कारणे पाच-सहा असू शकतात आणि कडू चवीचीही तितकीच. त्यापेक्षा बिघाड किती काळाने परत येतो, हे आधी पाहावे. दर पिशवीमागे येणारा बिघाड, दिवसाच्या ठराविक वेळी येणारा बिघाड, महिनोन्‌महिने हळूहळू वाढत जाणारा बिघाड आणि कोणताही क्रम नसलेला बिघाड, या चारही प्रकारांची मुळे वेगवेगळ्या ठिकाणी असतात.

आधी मोजमाप

यासाठी 0.1 ग्रॅमपर्यंत अचूक असलेला वजनकाटा, मोबाइलमधले स्टॉपवॉच आणि एक वही एवढेच लागते. सोनारकामाचा साधा काटाही चालतो, मात्र त्यावर कप मावला पाहिजे आणि त्याची क्षमता कपासकट वजन पेलण्याइतकी हवी. कोरडी पूड किती घेतली, कपात कॉफी किती उतरली आणि पंप सुरू केल्यापासून किती सेकंद लागले, हे तीन आकडे प्रत्येक वेळी लिहावेत. दुहेरी शॉटसाठी, म्हणजे एका वेळी उतरवलेल्या दुप्पट मापाच्या एस्प्रेसोसाठी, 18 ग्रॅम पूड, 36 ग्रॅम कॉफी आणि 25 ते 30 सेकंद हा सर्वमान्य आरंभबिंदू आहे. आपली आवड त्याच्या थोडी अलीकडे-पलीकडे असू शकते. परंतु आरंभबिंदू निश्चित नसेल तर बिघाड झाला की नाही, हेच ठरवता येत नाही. चौथा रकाना पिशवी उघडल्याच्या दिवसाचा ठेवावा. माझ्या वहीत तो रकाना नव्हता, म्हणून दीड महिना आणि दोन दुरुस्त्यांचे पैसे गेले.

चवीची नोंद करताना शब्द नेमके हवेत, कारण आंबट आणि कडू यांत पुष्कळ जणांची गल्लत होते. चिंचेच्या कोळासारखी झिणझिणी येऊन तोंडाला पाणी सुटले, तर ती चव आंबट होय. याचा अर्थ कॉफीतला अर्क पुरेसा उतरलेला नाही. कारल्यासारखी घशाशी रेंगाळणारी चव कडू होय, आणि जांभूळ खाल्ल्यानंतर जीभ जशी कोरडी, जडशी होते तशी होत असेल तर ती तुरट होय. या दोन्ही चवी बहुधा अर्क गरजेपेक्षा जास्त उतरल्याच्या खुणा असतात. आमच्या घरात वडीलधाऱ्यांची कॉफी जायफळ आणि भरपूर साखर घालून दुधात केलेली असते. त्या कॉफीचा मला आदरच आहे. परंतु दोष ओळखायचा असेल तेव्हा दोन घोट दुधासाखरेविना घेण्याला पर्याय नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दळण बारीक केले, पूड वाढवली आणि पाणीही बदलले, तर चव सुधारली तरी ती कशाने सुधारली, हे कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

दर पिशवीमागे परत येणारा बिघाड

माझ्याकडील बिघाड या प्रकारचा होता आणि कोल्हापुरात पावसाळ्यात तो सर्वाधिक आढळतो, असे माझे निरीक्षण आहे. भाजलेल्या बीत ओलावा जेमतेम दोन-तीन टक्के उरलेला असतो, म्हणून ती हवेतील बाष्प पटकन शोषून घेते. भाजताना बीच्या आत कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो. एस्प्रेसोवर येणारा क्रेमा मुख्यतः त्याच वायूच्या, कॉफीतील तेलाने वेढलेल्या सूक्ष्म बुडबुड्यांचा बनतो, आणि पाणी पुडीतून जात असताना हाच वायू त्याला काही अंशी अडवूनही धरतो. बी जुनी होत जाते तसा वायू निघून जातो, तेलाचे ऑक्सिडीकरण होते, आणि ओलसर हवेत हे सारे अधिक वेगाने घडते. परिणामी दळण तेच ठेवले तरी अडथळा कमी होतो, पाणी झरझर निघून जाते आणि कपात आंबट, पोकळ चवीची कॉफी उतरते. जुलै-ऑगस्टमध्ये इथे आठवडा-आठवडा ऊन दिसत नाही, पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकत असते आणि घरातले पापडसुद्धा डब्याचे झाकण नीट लागले नसेल तर सादळतात. त्याच हवेत मी ग्राइंडरच्या वरच्या भांड्यात एका वेळी पाव किलो बिया ओतून ठेवत होतो आणि पिशवीचे तोंड नुसते दुमडून चिमट्याने बंद करत होतो.

हिशेबही माझ्या विरुद्धच होता. दिवसाला दोन शॉट म्हणजे 36 ग्रॅम. एक किलोची पिशवी या हिशेबाने जवळजवळ चार आठवडे पुरते. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत तिचे शेवटचे दिवसही निभावून जात, म्हणून मला संशय आला नाही. आता मी पाव किलोच्या पिशव्या घेतो. त्या सात दिवसांत संपतात. किलोमागे थोडे जास्त पैसे पडतात, परंतु पूर्वी पिशवीचा शेवटचा तिसरा हिस्सा जवळजवळ वायाच जात होता, हे लक्षात घेतले तर फरक उरत नाही. ग्राइंडरचे भांडे रिकामे ठेवतो आणि प्रत्येक वेळी 18 ग्रॅम बिया मोजूनच टाकतो.

बी शिळी आहे की मशीन बिघडले आहे, याचा निवाडा करणारी चाचणी सोपी आहे. दळणाला हात न लावता, पुडीचे वजन तेच ठेवून, त्याच प्रकारच्या ताज्या, बंद पिशवीतल्या बिया वापराव्यात. सेकंद पूर्ववत झाले तर मशीन निर्दोष आहे. हे न करता मशीन उघडू नये आणि उघडायलाही देऊ नये.

पिशवी फोडल्यावर पहिले तीन-चार दिवस कॉफी वाईट आणि नंतर चांगली, असाही क्रम काहींना आढळेल. ती बी अतिताजी असते. चिक्कमगळुरू किंवा कोडगूकडच्या बागांचा माल हल्ली भाजल्यावर तीन दिवसांत कुरियरने घरपोच येतो आणि आपण उत्साहाने त्याच संध्याकाळी तो दळतो. त्या वेळी बीत वायू इतका असतो की धार फसफसत, तुटत येते, क्रेमा डोंगरासारखा दिसतो आणि दोन मिनिटांत बसतो. मध्यम भाजलेल्या बीला एस्प्रेसोसाठी भाजल्यापासून सात ते दहा दिवस विश्रांती द्यावी. फिल्टर पद्धतीने करणाऱ्यांना इतके थांबण्याची गरज पडत नाही.

म्हणून पिशवीवर भाजल्याची तारीख छापलेली नसेल तर ती घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. केवळ "अमुक महिन्यापर्यंत उत्तम" असे लिहिलेले असेल, तर ती बी आपल्या हाती येईपर्यंत किती जुनी झाली आहे, हे समजण्याचा मार्ग नसतो. जास्त बिया घेणे भागच असेल, तर त्यांचे आठवड्याला पुरतील इतके वाटे करून, हवाबंद पाकिटांत फ्रीजरमध्ये ठेवावेत. पाकीट बाहेर काढल्यावर ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर थंड बियांवर दव धरते आणि ज्या ओलाव्यापासून त्यांना वाचवायचे तोच त्यांना लागतो. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात मात्र बिया कधीही ठेवू नयेत. तो कप्पा दिवसातून वीस वेळा उघडला जातो आणि लसणाच्या चटणीचा वास कॉफीत उतरायला एक रात्र पुरते.

बीची निवड करताना आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. काही जणांना कितीही दुरुस्त्या केल्या तरी कॉफी आंबटच वाटते, कारण त्यांनी निवडलेली बी मुळातच आम्लता जपणारी असते: हलकी भाजलेली, पाण्याने धुऊन तयार केलेली अरेबिका. हा बिघाड नाही, ही निवड आहे. त्यांनी मध्यम ते गडद भाजलेली किंवा थोडा रोबस्टा मिसळलेली बी घ्यावी. मॉन्सून्ड मलबार हाही चांगला पर्याय आहे. कच्ची बी किनाऱ्यावरच्या पावसाळी वाऱ्यावर मुद्दाम पसरून ठेवतात, ती ओलावा पिऊन फुगते, पिवळसर होते आणि तिची आम्लता उतरते. आमच्या भाजलेल्या बीचा घात करणारी हवाच कच्च्या बीला असे वेगळे रूप देते, याचे मला दर पावसाळ्यात नवल वाटते. फार गडद, तेलाने चकाकणारी बी मात्र ग्राइंडरच्या पात्यांवर चिकटा धरते, म्हणून ती रोजच्या वापरात टाळावी. चिकोरी मिसळलेली पूड पितळी किंवा स्टीलच्या दक्षिणी फिल्टरसाठी योग्य आहे. एस्प्रेसोच्या साध्या बास्केटमध्ये, म्हणजे पूड भरायच्या जाळीदार वाटीत, ती चिकट लगदा होऊन जाळी तुंबवते.

दिवसाच्या ठराविक वेळी येणारा बिघाड

सकाळची पहिली कॉफी आंबट आणि दुसरी चांगली होत असेल, तर मशीन पुरेसे तापलेले नाही. दिवा लागला म्हणजे बॉयलरमधले पाणी तापले, एवढाच त्याचा अर्थ. पोर्टाफिल्टर (बास्केट धरणारा मुठीचा भाग) आणि तो जिथे बसतो तो धातूचा जड भाग अजून गारच असतात. कॉफीला 90 ते 96 अंशांचे पाणी लागते आणि गार धातूवरून जाताना त्याचे काही अंश सहज उतरतात. पोर्टाफिल्टर मशीनला लावूनच ठेवावा, वीस मिनिटे थांबावे आणि पहिल्या शॉटआधी रिकाम्या बास्केटमधून कपभर पाणी सोडावे. पोर्टाफिल्टरच्या धातूला बोट क्षणभरापेक्षा जास्त टेकवता आले नाही, म्हणजे तो तापला.

याच्या उलट, दूध तापवल्यानंतर केलेली कॉफी करपट आणि कडू होत असेल, तर एकाच बॉयलरच्या मशीनमध्ये ते स्वाभाविक आहे. वाफेसाठी बॉयलर 100 अंशांच्या बराच वर गेलेला असतो. वाफेचे बटण बंद करून फसफसाट थांबेपर्यंत पाणी सोडावे, मगच पोर्टाफिल्टर लावावा. पाहुणे आले की घाईत हेच राहून जाते.

तिसरा प्रकार फारसा कोणी लक्षात घेत नाही. उन्हाळ्यात संध्याकाळी आमच्या गल्लीत विजेचा दाब 230 व्होल्टवरून 200 पर्यंत उतरलेला मी मल्टिमीटरवर पाहिला आहे. हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे 200 व्होल्टवर ती सुमारे 76 टक्केच मिळते. मशीन तापायला वेळ लागतो, लागोपाठ दुसरा शॉट घेतला तर तापमान सावरत नाही आणि घरगुती मशीनमधला कंपनावर चालणारा पंपही थोडा मंदावतो. फक्त संध्याकाळी कॉफी बिघडत असेल तर एकदा व्होल्टेज मोजून पाहावे. तापायला दहा मिनिटे जादा देणे आणि दोन शॉटमध्ये अंतर ठेवणे, इतक्यानेही बराच फरक पडतो.

महिन्यांनी वाढत जाणारा बिघाड

धार दर महिन्याला किंचित मंद होत असेल, मशीन तापायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ घेत असेल आणि नवी पिशवी आणूनही सुधारणा होत नसेल, तर पाण्याकडे पाहावे. पाणी तापले की त्यातील कॅल्शियम कार्बोनेट घट्ट होऊन बॉयलरच्या भिंतींवर आणि बारीक नळ्यांत बसते. कोल्हापुरात नळाला येणारे पाणी धरणांचे आणि नदीचे असल्यामुळे ते त्या मानाने मऊ असते. परंतु अनेक इमारतींत ते बोअरच्या पाण्याबरोबर एकाच टाकीत मिसळले जाते, आणि बोअरचे पाणी बरेच जड असते. 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात उपसा केंद्रे पाण्याखाली गेली आणि नळाचा पुरवठा काही दिवस बंद राहिला, तेव्हा आम्ही सगळे बोअरवर होतो. आठवडाभरात आमच्या विजेच्या किटलीच्या तळाला पांढरी चुनखडी साचली. किटलीत दिसले ते मशीनच्या आत दिसत नाही, एवढाच फरक. म्हणून किटलीचा तळ हा मशीनच्या आतल्या स्थितीचा आरसा समजावा.

यावर उपाय म्हणून पुष्कळ जण आरओचे पाणी भरतात आणि मग चव सपक झाली, आंबटपणा टोचू लागला, अशी तक्रार करतात. ती तक्रार खरी आहे. आम्लता सावरून धरणारा बायकार्बोनेट आरओमध्ये जवळजवळ निघून जातो आणि अर्क नीट उतरायला मदत करणारे कॅल्शियम-मॅग्नेशियमही उरत नाही. कॉफीसाठी सुमारे 150 टीडीएसचे (लिटरमागे विरघळलेल्या पदार्थांचे मिलिग्रॅम) पाणी आदर्श मानतात. मी आरओचे आणि नळाचे पाणी मिसळून 100 ते 150 च्या दरम्यान ठेवतो. टीडीएस मीटर एकूण विरघळलेले पदार्थ दाखवतो, जडपणा वेगळा दाखवत नाही, हे ध्यानात ठेवावे. जडपणा मोजण्यासाठी मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे थेंबांचे संच चांगले उपयोगी पडतात.

क्षार साचले आहेत की नाही, हे पाहण्यासाठी मशीन नवीन असतानाच एक नोंद करून ठेवावी. पोर्टाफिल्टर न लावता तीस सेकंद पाणी सोडून त्याचे वजन करावे. आमच्या मशीनचा आकडा 215 ग्रॅम होता. तो 180 च्या खाली गेला की मी लिंबूसत्त्वाने सफाई करतो: एक लिटर पाण्यात 20 ग्रॅम, अर्धे पाणी सोडून वीस मिनिटे विश्रांती, मग उरलेले सोडणे आणि त्यानंतर दोन टाक्या साधे पाणी. काही मशीनचे बॉयलर ॲल्युमिनियमचे असतात, त्यांना आम्ल सोसत नाही, म्हणून माहितीपुस्तिका आधी वाचावी आणि द्रावण रात्रभर कधीही आत ठेवू नये.

हळूहळू वाढणारा कडूपणा आणि खवट वास हा मात्र क्षारांचा दोष नाही. तो जाळीवर आणि बास्केटवर साठलेल्या जुन्या तेलाचा आहे. बास्केट आठवड्यातून एकदा गरम पाण्यात कॉफीच्या मशीनसाठीची सफाई पावडर घालून भिजवावी आणि वरची जाळी स्क्रू काढून घासावी. शॉट थांबवल्यावर मशीन फुस्स आवाज करून उरलेले पाणी खालच्या ट्रेमध्ये सोडत असेल, तर त्यात तीन-मार्गी झडप आहे, आणि आंधळ्या, म्हणजे भोके नसलेल्या, बास्केटने उलट सफाई करता येते. ज्या मशीनमध्ये ती झडप नाही, त्यावर हा प्रयोग करू नये.

क्रम नसलेला बिघाड

तीच बी, तेच दळण, तेच वजन, आणि तरीही एक शॉट 30 सेकंदांचा तर पुढचा 19 सेकंदांचा, असे होत असेल तर दोष बहुतेक वेळा आपल्या हातांत किंवा अवजारांत असतो. पाणी नऊ बारच्या दाबाने पुडीवर येते आणि जिथे पूड सैल असेल तिथून वाट काढते. मग त्या वाटेवरची पूड जास्त धुतली जाते आणि बाकीची कोरडीच राहते, म्हणून एकाच घोटात आंबट आणि कडू या दोन्ही चवी येतात. शॉटनंतर बास्केटमधल्या चोथ्याकडे पाहावे. त्यात सुईने टोचल्यासारखी भोके किंवा कडेला पाण्याने खणलेली खाच दिसली, तर निदान झाले.

आमच्या चोथ्यात ही खाच नेहमी कडेला दिसे. एकदा मी बास्केट खिशात घालून शिवाजी उद्यमनगरमधल्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये गेलो. तिथल्या मामांनी व्हर्नियर लावून आतला व्यास मोजला. तो 58.7 मिलिमीटर भरला. मशीनबरोबर आलेला टॅम्पर, म्हणजे पूड दाबायचा दट्ट्या, 57 मिलिमीटरचा होता, म्हणजे भोवताली जवळजवळ एक मिलिमीटरची सैल पुडीची कडा दर वेळी राहत होती. "एवढ्या फटीतनं पाणी जाणारच की हो," असे म्हणून त्यांनी स्टेनलेस स्टीलच्या 304 प्रतीच्या तुकड्यातून लेथवर 58.4 चा नवा टॅम्पर काढून दिला. त्याच्या तळाची धार इतकी चौकोनी आणि स्वच्छ आहे, की बास्केटच्या भिंतीवर पुडीचा कण राहत नाही. त्यांच्याकडूनच एका लहान मुठीत 0.4 मिलिमीटरच्या पाच तारा बसवून घेतल्या आहेत. दाबण्याआधी त्या तारांनी पूड तळापर्यंत ढवळली की तिचे गोळे फुटतात. दोन्ही वस्तू वापरू लागल्यापासून माझ्या शॉटमधला फरक दोन-तीन सेकंदांवर आला आहे.

ग्राइंडरविषयी एवढेच सांगतो, की मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात दळलेल्या पुडीत पीठ आणि रवा एकत्र असतात आणि त्यावर कोणताही उपाय चालत नाही. अशा पुडीसाठी तळाशी एकच सूक्ष्म भोक असलेले दाबाचे दुहेरी बास्केट वापरावे. त्यात क्रेमासारखा फेस येतो, पण दळणातला फरक त्यात झाकला जातो, म्हणून दोष शोधण्यासाठी ते निरुपयोगी आहे. मशीनच्या खोक्यावर लिहिलेले 15 बार पाहूनही कोणी हुरळून जाऊ नये. तो पंपाचा कमाल दाब असतो, कॉफीला नऊच्या आसपास लागतो.

दूध फेसाळत नसेल तर तो वेगळा प्रश्न आहे आणि आमच्याकडे त्याचे कारण बहुधा एकच असते. म्हशीचे दाट दूध आधी उकळून ठेवलेले असते आणि सायीचे बारीक तुकडे त्यात तरंगत असतात. दूध गाळून, फ्रिजमध्ये चांगले गार करून घ्यावे आणि 60 ते 65 अंशांपलीकडे तापवू नये. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरचे दूध पिण्यासाठी अप्रतिम असते. वाफेच्या नळीखाली मात्र त्यातल्या भरपूर स्निग्धांशामुळे फेस जड आणि थोडा होतो.

मशीनकडे केव्हा वळावे

ताजी बी, योग्य तापमान, स्वच्छ जाळी आणि बरोबर टॅम्पर, एवढे करूनही उपयोग झाला नाही, तर मात्र मेकॅनिकला बोलवावे आणि त्याच्यासमोर वही ठेवावी. पंपाचा आवाज बदलला आणि पाणी येत नाही, वाफेची नळी बंद असताना ठिबकते, मशीन लावताच घरातला मुख्य स्विच पडतो, ही लक्षणे मशीनचीच आहेत. यातल्या शेवटच्या लक्षणात प्लग काढून मशीनला हात लावणे थांबवावे.

या मे महिन्यात आमच्या पोर्टाफिल्टरच्या कडेने शॉट चालू असताना पाणी झिरपू लागले. पिशवीशी, वेळेशी, पाण्याशी त्याचा काही संबंध वहीत सापडला नाही. झिरपणे फक्त दिवसेंदिवस वाढत होते. जाळी काढून आतले रबरी गॅस्केट बाहेर काढले, तर ते लाकडासारखे कडक झाले होते आणि बोटाने वाकवताच तडकले. नवे बसवायला वीस मिनिटे लागली. त्या दिवशीच्या नोंदीत 18.0 ग्रॅम, 36 ग्रॅम, 27 सेकंद असे आहे.